देव्हाऱ्यातली गिन्नी

आमच्या घरी सोन्याच्या पाच गिन्न्या होत्या. चार बिस्किटाच्या डब्यात, कापसात गुंडाळलेल्या, आणि पाचवी देव्हाऱ्यात. ती देव्हाऱ्यात कशी गेली ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं खुळ्यासारखं वाटेल.

गिन्नीच्या एका बाजूला इंग्रजाच्या राजाचं मुंडकं असतं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक विलायती संत, त्याच्या हातात तलवार आणि घोड्याच्या पायाखाली लोळणारा अजगरासारखा कुठलातरी प्राणी. तो संत आहे हे मला पन्नाशीनंतर कळलं. आमच्या आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबा वर्ध्याकडे कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते, तिथं त्यांना कधीतरी या गिन्न्या मिळाल्या. आजीनं त्यातली एक हातात घेतली, उलटी केली आणि कपाळाला लावली. घोडा आहे, तलवार आहे, पायाखाली राक्षस आहे, मग हा मल्हारी नाही तर कोण? आमचं कुलदैवत खंडोबा. घरात त्याचा टाक नव्हता, म्हणजे देवाचा ठसा उमटवलेला धातूचा छोटा पत्रा असतो ना, तो. तर गिन्नीच टाक झाली. कोणीतरी म्हणालं, अहो पण खंडोबासोबत कुत्रा असतो, तो कुठं आहे? आजी म्हणाली होती म्हणे, "कुत्रा मांगं राहिला असन."

पुढे गिन्नी आईच्या हाती आली. बाबांना भिलाईला पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी लागली तेव्हा देवही भिलाईला आला, सेक्टरमधल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर. दर रविवारी त्याला आंघोळ. चिंच लावून अंगठ्यानं घासायचं, धुवायचं, पुसायचं, मग भंडारा म्हणजे हळद चोळायची. घोडेस्वार वर, राजा खाली. इंग्रजाचा राजा आमच्या पाटावर दोन पिढ्या पालथा पडून होता आणि त्याची कोणी चौकशी केली नाही.

मी त्याच प्लांटमधून रिटायर झालो. नोकरीभर रेल्वेचे रूळ तपासले. कुठं भेग आहे, कुठं ओरखडा आहे, कुठं रूळ केसभर वाकला आहे, हे शोधायचं आणि लाल खूण मारायची. खोट काढायची ती सवय घरीही चालत आली असं बायको म्हणते. मला राग लवकर येतो हेही ती म्हणते, आणि ते सेक्टरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आता भिलाईतच नेहरू नगरला घर आहे. आई माझ्याकडे असते. डोळ्यांनी तिला कमी दिसतं, पण जीभ शाबूत आहे. धाकटी बहीण जामुलला असते आणि दर रविवारी बस पकडून देवाला आंघोळ घालायला यायची. तिच्याशिवाय ते काम कोणी करत नव्हतं.

त्याचं कारण आहे, आणि ते कारण मी आहे.

लहानपणी माझी बहीण धांदरट म्हणून प्रसिद्ध होती. कप फोड, बरणी फोड, बाबांच्या चष्म्यावर बस. "या पोट्टीच्या हातात काही टिकत नाही," हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दोनदा व्हायचं. ती दहा वर्षांची आणि मी बारा वर्षांचा असताना एका शनिवारी आमची दुसऱ्या स्ट्रीटच्या पोरांशी क्रिकेटची मॅच होती. मी कॅप्टन. टॉससाठी सगळे दहा पैसे काढतात, तर आपण सोन्याचं नाणं काढू, असा माज मला आला. आई त्या वेळी चार दिवस बाजूला बसलेली होती, म्हणजे देव्हाऱ्याकडे ती येणार नव्हती. मी देव उचलला आणि खिशात घातला.

"राजा की घोडा?" असं ओरडून मी तो हवेत उडवला. तो नेमका नालीच्या सिमेंटच्या काठावर आदळला. सोनं मऊ असतं हे मला तेव्हा काय माहीत! कडेला चांगला खोचा पडला, नखाला लागेल असा. मॅच आम्ही जिंकलो, पण माझं लक्ष कुठं होतं? घरी येऊन मी आईच्या उशाखालची किल्ली काढली, कपाटातला डबा उघडला, खोचा पडलेली गिन्नी कापसात खुपसली आणि तिच्या जागी डब्यातली दुसरी देव्हाऱ्यात ठेवली. गिन्नीसारखी गिन्नी, कोणाला कळतं!

दुसऱ्या दिवशी रविवार. आई अजून बाजूलाच, म्हणून देवाला आंघोळ घालायचं काम आयुष्यात पहिल्यांदा बहिणीवर आलं. तिनं घाबरत घाबरत घातली. मंगळवारी आई न्हाऊन देव्हाऱ्यापुढे बसली आणि किंचाळलीच.

"अवं माय! देव उजळला!"

उजळणारच ना. जुन्या गिन्नीवरचा घोडेस्वार घासून घासून गुळगुळीत झाला होता, आणि ही डब्यातली कोरी. घोड्याची आयाळ दिसत होती, स्वाराचं नाक दिसत होतं. आईनं पोरीचे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. "वर्षानुवर्षं मी घासून राहिली, मले तोंड नाही दाखवलं देवानं. हिच्या हाताले गुण आहे." मी दारात उभा होतो. खरं सांगितलं तर मार पडेल, इतकंच तेव्हा डोक्यात होतं.

त्या दिवसापासून माझ्या बहिणीचं नशीब पालटलं, असं म्हटलं तर खोटं नाही. शेजारच्या बायका कैरीचं लोणचं घालताना पहिला हात तिचा लावायच्या. चंपाषष्ठीच्या आधी लोक आपापले टाक तिच्याकडून घासून घ्यायचे. तिला पाहायला आले तेव्हा आईनं होणाऱ्या सासूला पहिली गोष्ट हीच सांगितली. ती जामुलला गेली तिथंही तिच्या हातगुणाची कीर्ती गेली, आणि गंमत म्हणजे कप फोडणंही बंद झालं. तिला कोणी धांदरट म्हटलेलं मी त्यानंतर ऐकलं नाही.

आता मागच्या हिवाळ्याकडे येतो. आईनं ठरवलं की गिन्न्या जिवंतपणी वाटून टाकायच्या. दोघांना दोन दोन, आणि पाचवी, देवाची, जो देव सांभाळेल त्याला. बहीण लगेच म्हणाली, "मले देवाची एकच द्या, बाकीच्या चारही दादाले ठेवा." मला राग आला. असं कसं? वाटणी म्हणजे वाटणी. त्यात मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून बसलो होतो की जुन्या नाण्यांचं ग्रेडिंग होतं. कंपनी नाणं तपासते, सत्तरपैकी नंबर देते, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून पाठवते, आणि मग तेच नाणं सोन्याच्या भावाच्या कितीतरी वर विकलं जातं. मी जाहीर केलं की आधी तपासणी, मग वाटणी.

"झाकली मूठ सव्वा लाखाची बाबू," आई म्हणाली. "कायले उघडतं?"

ऐकेन तर मी कसला! मी म्हणालो, डब्यातल्या चार दाखवू, देवाला त्रास कशाला. खाई त्याला खवखवे, मला दोन्ही गिन्न्या शेजारी ठेवायच्या नव्हत्या. पण बहीणच अडून बसली. "देवाची जास्त किमतीची निघाली तर? मी फुकट कायले घेऊ? तेही दाखव." आईनं परवानगी दिली, पण आंघोळ झाल्यावर न्यायचं आणि दिवेलागणीच्या आत परत आणायचं या अटीवर. बहिणीनं त्या रविवारी देवाला इतकं निगुतीनं घासलं, जसं पोराला फोटोसाठी तयार करतात.

दुर्गला पद्मनाभपूरमध्ये एक निवृत्त रेल्वेवाले गृहस्थ राहतात. जुनी नाणी जमवतात, ग्रेडिंगला पाठवण्याचं कामही करून देतात. त्यांनी मखमलीचा तुकडा पसरला, हातमोजे घातले, भिंग काढलं. मी एक गिन्नी उचलून त्यांच्या हातात द्यायला गेलो तर म्हणाले, "बीच में हाथ मत लगाइए, किनारे से पकड़िए." माझीच गिन्नी आणि मलाच हात लावू देईना! पण मी हात मागे घेतला, कारण मीही रुळाला असाच कोणाला हात लावू देत नव्हतो.

डब्यातल्या तीन त्यांनी लवकर बाजूला केल्या. चांगल्या आहेत, पण अशा पुष्कळ सापडतात. ग्रेडिंगची फी, विमा, येणंजाणं, हा खर्च चांगल्या नाण्याला जेवढा तेवढाच साध्या नाण्याला. नाणं दुर्मिळ असेल किंवा कोणाचा हात न लागलेलं असेल तरच त्यात अर्थ. या तिन्ही तशाच ठेवा, लागल्या तर सोन्याच्या भावानं विका. मला त्यांचं बोलणं पटलं. काम जाणणारा माणूस होता.

मग त्यांनी चौथी घेतली, खोचावाली. नंतर देवाची. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि भिंगातून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहू लागले.

"इन दोनों की पूजा होती है क्या?"

"एकीची होते," बहीण हिंदी-मराठी मिसळून म्हणाली. "वो तो डिब्बे की है."

"नहीं बहनजी. दोनों की हुई है. देखिए, राजा वाला हिस्सा ठीक है, घोड़े वाला घिसा हुआ. और बीच में हल्दी दोनों में बैठी है."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एवढ्यात ते गृहस्थ देवाच्या गिन्नीवर वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. शेवटी त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. घोड्याच्या टापेखाली, जमिनीच्या रेषेवर, एक बारीक अक्षर होतं, झिजून अर्धं झालेलं. त्या अक्षरावरून नाणं कोणत्या टांकसाळीचं ते कळतं. त्या टांकसाळीची आणि त्या सालाची गिन्नी फार कमी दिसते, त्यांनी स्वतः एकदाच पाहिली होती. ही डब्यात राहिली असती तर तिला पाठवाच म्हणून मीच मागे लागलो असतो, असं ते म्हणाले. आता पाठवली तर नंबर मिळणार नाही. 'साफ केलेलं नाणं' एवढंच लिहून परत येईल. सोन्याचा भाव आणि वर थोडं, बस.

"किसने घिसा इसको इतना?" त्यांनी विचारलं. सहज विचारलं, वाईट मनात नव्हतं.

बहीण म्हणाली, "मैंने." आणि ती रडायला लागली. साठीला आलेली बाई, परक्याच्या घरात, पदर तोंडाला लावून. "आई पहिले म्हणत होती तेच खरं होतं दादा. माझ्या हातात काही टिकत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि हात मी माझा नाही, तिचा दाखवला होता.

गाडीतही ती रडतच होती. पाच गिन्न्यांची पुरचुंडी मांडीवर, आणि एकच चाललं होतं. आजीनं ठेवलेलं, आजोबांनी आणलेलं, सगळं मी घासून टाकलं. हायवेवर एका चहाच्या टपरीजवळ मी गाडी थांबवली आणि दोन चहा सांगितले. एकच विचार होता. गप्प राहिलो तर ही आयुष्यभर स्वतःला दोष देईल. बोललो तर देव उजळल्याची गोष्ट जाईल. दोन्हीपैकी एक काहीतरी तिच्याकडून जाणारच होतं, आणि दोन्ही वेळा नेणारा मीच होतो.

"ती गिन्नी घासाचीच नव्हती," मी म्हणालो. "ती डब्यातली आहे. देवाची ती दुसरी, खोचावाली."

आणि सगळं सांगितलं. टॉस, नाली, उशाखालची किल्ली. तिचं रडणं थांबलं. मला वाटलं, चला, बरं झालं.

"म्हणजे देव उजळला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"अन् तुले माहीत होतं."

"हाव."

"लोणच्याले बाया मले बोलवत होत्या, तवा बी माहीत होतं?"

"हाव."

"माझ्या सासूले आईनं सांगतलं, तवा बी?"

मी मान हलवली. ती पुरचुंडीच्या गाठीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "गिन्नीचं जाऊ दे रे दादा. माणसाजवळ एखादी गोष्ट असते. माझ्याजवळ तेवढीच होती. आज कायले सांगतली? रडू द्याचं होतं मले."

आणि मी, बघा माझी अक्कल, अशा वेळीही ओरडलो. "तू स्वतःले दोष देऊन राहिली होती म्हणून सांगतलं! तुझ्यासाठीच सांगतलं ना!" टपरीवाल्यानं वळून पाहिलं. बहिणीनं पुरचुंडी सीटवर ठेवली, गाडीतून उतरली, आणि जामुलची ऑटो थांबवून निघून गेली. चहा तसाच राहिला.

मी घरी आलो आणि देवाला, म्हणजे त्या चुकीच्या गिन्नीला, देव्हाऱ्यात ठेवलं. आईनं विचारलं काय निघालं. मी म्हणालो, ग्रेडिंगमध्ये काही दम नाही. आई म्हणाली, "सांगतलं होतं मी." पुढच्या रविवारी बहीण आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर भाचीनं उचलला, आई झोपली आहे म्हणाली, सकाळी अकरा वाजता. इकडे आमच्या आईच्या तोंडी एकच. "देव पारोसा बसून आहे. पोरीले बरं नाही का?" मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडतो, त्यामुळे घरात त्या दोन आठवड्यांत कोणालाच सुख नव्हतं.

तिसऱ्या रविवारी ती आली. माझ्याशी बोलली नाही. आईच्या पाया पडली, मग सरळ कपाटाकडे गेली, डबा काढला, कापूस बाजूला केला आणि खोचा पडलेली गिन्नी शोधून काढली. देव्हाऱ्यातली उचलून तिच्या जागी ही ठेवली. काढलेली गिन्नी तिनं रुमालात बांधली आणि पर्समध्ये टाकली.

"ही मी नेतो," ती मला हळूच म्हणाली, आमच्याकडच्या बायका 'नेते'ला 'नेतो' म्हणतात तशी. "माझ्या वाटणीची. बाकीच्या तू ठेव. अन् आईले काही सांगतलं तर याद राख."

मग तिनं चिंचेची वाटी आणि हळदीचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, माझा अंगठा दुखते. आजपासून देव दादा घासत जाईल."

"तो?" आई म्हणाली. "त्याले जमन?"

"जमवन," बहीण म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी मी घासतो. बहीण येते, खुर्ची घेऊन बाजूला बसते, चहा पिते. हळूहळू बोलायलाही लागली आहे. खोच्यावर बोट गेलं की मला अजून ती नाली आठवते. घोडेस्वार तर उरलाच नाही, नुसता एक उंचवटा आहे. चिंच लावा नाहीतर काहीही लावा, तो काय दिसणार? आंघोळ झाली की मी देव आईच्या हातात देतो. ती खिडकीच्या उजेडात डोळ्यांजवळ नेते, अंगठा फिरवते, आणि दर रविवारी तेच म्हणते.

"नाही बा बाबू, तुझ्या हाताले गुण नाही. किती मंद पडला पाह्य देव. हिच्या हातात कसा लखलख करे!"

बहीण कपातून वर पाहते. चहा पिणं थांबवून, सरळ माझ्याकडे. मी काय उत्तर देतो ते तिला दर वेळी ऐकायचं असतं.

"हाव आई," मी म्हणतो. "तिच्या हाताची सर माझ्या हाताले नाही."